वाळवलेली रानभाजी

दसऱ्याला शमीचे पूजन करणारे मराठी कुटुंब जयपूरच्या सी-स्कीममध्ये राहावयास आले, की एखाद्या दिवशी शेजारघरच्या पंगतीत त्याच शमीची भाजी त्याच्या पानात पडते. राजस्थानात शमीला खेजडी म्हणतात. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. तिच्या जोडीला येणारे केर म्हणजे आपल्याकडील कोरड्या माळावर वाढणाऱ्या नेपतीचे फळ, तर गुंदा म्हणजे भोकर. झाडे ओळखीची असतात. नवी असते ती त्यांची फळे वर्षभर टिकविण्याची विद्या.

ही विद्या हौसेतून जन्मलेली नाही. इ. स. १८९९-१९०० चा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, दुष्काळ तेथे 'छप्पनिया अकाल' म्हणून आजही स्मरणात आहे. पीक बुडाले तरी खोल मुळांची खेजडी तग धरते. उन्हाळ्यात तिने दिलेले राखून ठेवणे हाच पुढील महिन्यांचा आधार असे.

केवळ उन्हात पसरल्याने भाजी टिकत नाही. सांगरी बी भरण्यापूर्वी खुडतात, मिठाच्या पाण्यात थोडी उकळतात आणि मगच वाळवतात. उकळल्याने शेंगेतील एन्झाइमांचे कार्य थांबते. एरवी वाळल्यावरही रंग व चव बिघडत राहते. केर मुळात कडू. म्हणून तो काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून, धुऊन, नंतर वाळवतात. सांगरी कट्कन मोडली व केर खड्यासारखा टणक झाला, की वाळवण पुरे झाले असे समजावे. ऊन लागलेला माल गरम असताना बरणीत भरू नये. त्याची वाफ झाकणाला धरते आणि तेथूनच बुरशीला आरंभ होतो. पावसाळ्यात बरणी अधूनमधून पाहावी. सादळलेली भाजी पुन्हा उन्हात घालावी. बुरशी आलेली मात्र निःशंकपणे टाकून द्यावी, कारण बुरशीचे विष उन्हाने जात नाही.

कोकणातील गृहिणीला हीच कृती जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. जयपूरला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात त्याच्या कित्येक पट. टाकळा आणि शेवळे उगवतात तीच मुळी ऊन नसताना. त्या ताज्याच खाव्यात. उलट, देशावर हरभऱ्याचा पाला सुगीच्या उन्हात वाळवून ठेवण्याची रीत जुनीच आहे. घ्यावयाचे ते तत्त्व: भाजी जेव्हा येते, तेव्हाची हवा पाहून तिच्या साठवणीचा मार्ग ठरवावा.

एक गोष्ट बरणीबाहेरची आहे. चाऱ्यासाठी हिवाळ्यात सर्व फांद्या छाटलेल्या खेजडीला त्या उन्हाळ्यात शेंगा धरत नाहीत. म्हणून सांगरी हवी असलेला शेतकरी काही झाडे मुद्दाम राखतो. १७३० साली मारवाडातील खेजडली गावी ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी या वृक्षांसाठी प्राण दिले. १९८३ मध्ये राजस्थानने खेजडीला राज्यवृक्षाचा मान दिला. घरातील साठवण चालू राहावी, तर बांधावरचे झाडही राहिले पाहिजे.