जन्मतारीख : अंदाजे

पुण्यातल्या एका शिशुगृहात दत्तक जाणारी मुलं तपासायला डॉक्टर म्हणून मी 1985 पासून दर बुधवारी जायला लागलो. मावशी बाळाला मांडीवर धरायच्या आणि मी शिंप्याकडची असते तसली कापडी टेप त्याच्या डोक्याभोवती फिरवायचो. कापडी टेप वापरून वापरून ताणते आणि डोक्याच्या घेरात अर्ध्या-एक सेंटिमीटरची चूक होते, हे ध्यानात यायला वर्ष गेलं. त्याच आकड्यावरून सातासमुद्रापलीकडचा डॉक्टर मेंदूच्या वाढीचा हिशेब मांडतो, हे त्याहून उशिरा कळलं.

तेव्हा परदेशी दत्तकासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नव्हता. 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली परदेशी जोडपी कोर्टाकडून स्वतःला पालक नेमून घ्यायची आणि मूल घेऊन जायची. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी याविषयी 1982 मध्ये लिहिलेल्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयानं याचिका मानलं. 6 फेब्रुवारी 1984 चा न्या. भगवतींचा निकाल त्यातूनच आला. आधी भारतीय घर शोधा, ते मिळालं नाही तरच बाहेर, आणि मुलाच्या कागदांत त्याच्या तब्येतीचा अहवाल हवा. त्या अहवालासाठी मला बोलावलं होतं.

फॉर्मचे पहिले रकाने भरायला वेळ लागत नसे. आईचं वय, गरोदरपणातले आजार, जन्मवजन : माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही. जन्मतारखेपाशी मात्र थांबावं लागे. नाळ अजून गळलेली नसेल तर सोपं. थोडं मोठं मूल असेल तर दात मोजायचे, मनगटाचा एक्स-रे काढायचा. शाळामास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला 1 जून ही जन्मतारीख देऊन टाकली आहे, तेव्हा आम्ही त्यातल्या त्यात शास्त्रशुद्ध.

एक कबुली. त्या काळात मी ‘किंचित’ हा शब्द फार वापरला. हृदयात किंचित आवाज, वजन किंचित कमी. मूल सुदृढ दिसलं तर त्याला घर मिळणार, असा सगळ्यांचा हिशेब होता आणि तो माझाही होता.

तपासणारा डॉक्टर कितीही चांगला असला तरी स्टेथोस्कोपला सगळं ऐकू येत नाही, हे अमेरिकेतून आलेल्या कागदांनी शिकवलं. मिनेसोटा विद्यापीठात 1986 मध्ये खास परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी क्लिनिक निघालं होतं. 1991 मध्ये त्यांनी 293 मुलांच्या तपासण्या छापल्या. निम्म्याहून जास्त, 57 टक्के मुलांत काही ना काही महत्त्वाचा आजार निघाला, आणि बहुतेक वेळा तो रक्ताच्या किंवा शौचाच्या तपासणीतच सापडला. पुढच्याच वर्षी रुमानियातून दत्तक आलेल्या 65 मुलांचा अभ्यास आला. तब्येत आणि विकास दोन्ही ठीक अशी मुलं होती दहा.

आमच्याकडेही रक्ततपासण्या वाढत गेल्या. हिपॅटायटिस बी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, मग एचआयव्ही. एचआयव्हीच्या चाचणीत एक पेच होता. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणजे बाळाला लागण नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येते. असं एक बाळ आमच्या पाळण्यात अठरा महिने वाट बघत राहिलं. चालायला लागलं, मावशींना ‘आई’ म्हणायला लागलं आणि मग निगेटिव्ह आलं.

आणखी एक गोष्ट मी शिकलो ती फजितीतून. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली निळसर डाग असतो. निरुपद्रवी. आजीसुद्धा त्याकडे बघत नाही. मी तो लिहिला नाही. तिकडच्या डॉक्टरला वाटलं, बाळाला मारलंय. तेव्हापासून डागाची जागा, माप, रंग, सगळं लिहू लागलो.

माझ्या तारखांवरचा माझा विश्वास उडवला तो स्वीडनच्या अभ्यासानं. भारतातून तिकडे गेलेल्या 107 मुलींपैकी निम्म्यांना पाळी 11.6 व्या वर्षापर्यंत आली होती, स्वीडिश मुलींपेक्षा वर्षाहून अधिक लवकर. उपासमारीनंतर एकदम मिळालेलं सकस अन्न आणि झपाट्यानं झालेली वाढ हे कारण मांडलं गेलं. मला आधी आठवले ते माझे एक्स-रे. यांतल्या किती मुलींचं वयच मुळात चुकीचं लिहिलं गेलं असेल?

2015 चा बाल न्याय कायदा आला आणि अहवाल वाचण्याची दिशाच फिरली. आता साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत तर मूल परदेशी पालकांसाठी खुलं होतं, आणि तिथं व्यंग असलेली, भावंडांसह असलेली, पाच वर्षांवरची मुलं आधी. आपल्या पालकांची रांग लांबलचक, पण ती गुटगुटीत तान्ह्या बाळासाठी. ज्या ओळीमुळे मूल मागे राहील म्हणून मी ती पुसट करायचो, तीच ओळ आता त्याला विमानात बसवते. आपण याचा अभिमान बाळगावा की लाज, हे माझ्यानं अजून ठरत नाही.

निवृत्तीआधीचा शेवटचा अहवाल चार वर्षांच्या मुलीचा. हृदयात छिद्र, 5 मिलिमीटर. ‘किंचित’ लिहिलं नाही. नवरा-बायको तिला न्यायला आले ते तिकडच्या हृदयतज्ज्ञाची वेळ घेऊनच. छिद्राबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. बाईंनी फाइल उघडून जन्मतारखेवर बोट ठेवलं. केक कधी कापायचा?

मी मनगटाचा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हटलं, ‘‘सहा महिने इकडे किंवा तिकडे.’’