पडकईचा मुलूख

घोडेगाव सोडून डिंभ्याच्या पुढे गेलं की रस्ता वळणं घेत चढू लागतो आणि आंबेगाव तालुक्याचा वेगळाच मुलूख सुरू होतो. मंचरकडचा ऊस, कांदा, बटाटा मागे पडतो. आहुपे, असाणे, पिंपरगणे, तिरपाड ही गावं डोंगराच्या कुशीत बसलेली. इथे जमीन आहे ती उताराची आणि पाऊस चार महिने नुसता कोसळणारा. अशा उतारावर नाचणी-वरई होते, पण तीही दोन-तीन वर्षं. मग माती वाहून जाते आणि रान पडीक टाकावं लागतं. भात करायचा तर आधी खाचर बनवावं लागतं, आणि ते एकट्या घराच्या आवाक्यातलं काम नव्हे. म्हणून इथल्या महादेव कोळ्यांमध्ये पडकई चालत आली आहे.

देशावर जिला इर्जिक म्हणतात, कोकणात जिला सावड म्हणतात, त्याच गोतातली ही पडकई. शेतीच्या कामांची घाई नसते त्या उन्हाळ्याच्या दिवसांत पाच-दहा घरं एकत्र येतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पहारीने दगड उकरायचे. सगळ्यांत मोठा दगड बुडाला बसवायचा, वरचा दगड सांधा चुकवून ठेवायचा आणि फटींत चिपा ठोकायच्या. दगडांचा हा बांध म्हणजे ताल. ती थोडी वर आली की मागून माती ओढायची. जाणती माणसं वरची काळी माती आधी बाजूला काढून ठेवतात, खालचा मुरूम सपाट करतात आणि मग ती माती पुन्हा वर पसरतात. ही खबरदारी घेतली नाही तर नव्या खाचरातला भात खुरटा राहतो. तालीला सिमेंट लागत नाही. दगडांच्या फटींतून जादा पाणी झिरपून जातं, म्हणून ती मुसळधार पावसातही उभी राहते.

मजुरी कोणी कोणाला देत नाही. हिशेब असतो तो दिवसांचा: तुम्ही माझ्याकडे दिलेला दिवस मी तुमच्याकडे फेडायचा. ज्या दोन घरांचं बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांनाही पाळी आली की एकाच तालीवर दगड द्यावा लागतो. एकाने दगड धरायचा, दुसऱ्याने चीप ठोकायची, तिथे अबोला फार काळ टिकत नाही. गावातली शांतता म्हटलं की आपल्याला तंटामुक्तीची समिती आणि पोलीस पाटील आठवतात. मला पडकई आठवते. जिथे माणसांना एकमेकांच्या हातांची गरज असते, तिथे भांडणं मिटवायला निराळं कारण लागत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या सामाजिक चळवळींकडे पाहताना मला हे राबणारे हातच सारखे दिसतात. इथे अन्यायाविरुद्ध हत्यारं उचलली गेली, मोर्चे निघाले, अर्ज-विनंत्या झाल्या. पण टिकलं ते दोनच गोष्टींतून. कधी लोकांनी मिळून काम केलं, कधी मिळून काम थांबवलं.

थांबवण्याची गोष्ट जुनी आहे. १८७० च्या दशकात सावकारीने हा सगळा पट्टा पोखरला होता. जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी आदिवासी साथीदार जमवून सावकारांवर धाडी घातल्या. कर्जखतं ओरबाडून घेतली जात, सावकारांची नाकं कापली जात. १८७६ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पकडलं. त्याच सुमारास, १२ मे १८७५ रोजी, सुप्याला सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्यांची ठिणगी पडली. त्या असंतोषातूनच सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. होनाजींचा संताप समजण्यासारखा होता, हे कबूल करूनही मला त्यानंतर दहाएक वर्षांनी जुन्नरात घडलेलं अधिक मोठं वाटतं. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराने भारलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या जमिनी कसायलाच नकार दिला. नांगर उभे राहिले, शेतं पड राहिली. कोणाच्या अंगाला हात लावला नाही, कोणाचं घर जाळलं नाही. पण पिकाविना सावकाराच्या जमिनीला मोल नाही, हे सगळ्यांना दिसलं. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे या मुलखातले सत्यशोधकांचे आघाडीचे कार्यकर्ते. लग्नकार्य ब्राह्मण पुरोहिताशिवाय करण्याच्या हक्कासाठीही जुन्नरचे सत्यशोधक कोर्टात लढले.

अडवण्याची आणखी एक गोष्ट आंबेगावची. तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा एक मुलगा पोट भरायला मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडवायला तो रस्त्यात उभा राहिला आणि त्याच्यावरून ट्रक गेला. बाबू गेनू सैद. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे: हुतात्मा बाबू गेनू सागर.

या सागराने काय केलं, हे नीट समजून घेतलं पाहिजे. डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. साडेतेरा टीएमसीच्या आसपास साठा असलेल्या डिंभ्याचं पाणी कालव्यांनी पार पुढच्या तालुक्यांपर्यंत जातं. कुकडीच्या लाभक्षेत्रात जुन्नर, आंबेगाव, शिरूर तर आहेतच, शिवाय पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळाही आहेत. हे पाणी साठवायला अकरा गावं पुरती आणि तेरा गावं अंशतः बुडाली. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे, ते मूळ गावही पाण्याखाली गेलं. नदीकाठची चांगली भातखाचरं गेली. अनेक घरं दूर न जाता वर सरकली, जलाशयाच्या काठाकाठाने डोंगरउतारावर राहिली. पाणी दाराशी आलं, पण ते खाली आणि शेत वर. त्यातच १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं होतं, त्यामुळे वरच्या जंगलातही पाय टाकायची चोरी.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर या दोघांनी या लोकांसोबत काम उभं केलं. ‘शाश्वत’ ही त्यांची संस्था. तिचं मोठेपण मला एका साध्या प्रश्नात दिसतं. धरण झालं, आता ते पाडता येणार नाही. मग या पाण्यावर, पाण्याखालच्या गाळावर आणि पाण्यातल्या माशांवर पहिला हक्क कोणाचा?

उत्तर मिळवायला वर्षं गेली. जलाशयातली मासेमारी अशा ठिकाणी सहसा ठेकेदाराकडे जाते आणि ज्यांची घरं तळाशी आहेत ते त्याच्या जाळ्यावर मजूर होतात. इथे महादेव कोळी, कातकरी आणि ठाकर यांच्या हाती मासेमारी यावी यासाठी त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेची मदत मिळाली. मत्स्यबीज थेट जलाशयात सोडलं तर मोठे मासे ते गिळून टाकतात. म्हणून तरंगत्या पिंजऱ्यांत, जाळीच्या आत बीज वाढवायचं आणि बोटाएवढी पिल्लं झाली की सोडायची, हे तंत्र आदिवासी तरुण शिकले. रोहू, कटला, मृगळ यांचा धंदा हाताशी आला.

दुसरी वाट गाळपेराची. दिवाळीनंतर कालवे सुटले की पाणी उतरू लागतं आणि काठाची ओली, गाळाची जमीन उघडी पडते. तिथे गहू, हरभरा, कडधान्यं येतात. ही जमीन एकेकाळी याच लोकांची होती. आज ती पाटबंधारे खात्याची आहे आणि पेरायला परवाना लागतो. तिसरी वाट पडकईचीच. उतारावर खाचरं घडवणाऱ्या माणसाला त्या दिवसांत चूल पेटवायला पैसा लागतो, एरवी तो नारायणगाव-ओतूरकडे मजुरीला जातो. म्हणून या कामाला सरकारी योजनेतून मजुरी मिळावी, असा पाठपुरावा झाला आणि पुढे कृषी विभागाने पडकईच्या नावानेच कार्यक्रम राबवला. २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आणि मग ३० जुलै २०१४ ची सकाळ आली. माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा ही बातमी बाहेर पडली. त्यानंतर पडकईवर बोट ठेवलं गेलं. अतिवृष्टी, डोंगराची घडण, झाडांची तोड, उतारावरचं सपाटीकरण अशी अनेक कारणं चर्चेत आली. इथे मला स्पष्ट लिहायचं आहे. पहारीने दगड काढून, मातीचा स्वभाव पाहून, पाण्याला वाट ठेवून रचलेली ताल आणि यंत्र लावून एका दिवसात कापलेला डोंगर या दोन गोष्टींना एकच नाव देणं चूक आहे. कामाचा आकडा गाठायचा म्हणून उतारावर यंत्र चढलं की तिथे पडकई उरत नाही. हाताने काम करणाऱ्याला कोणत्या धोंड्याला हात लावायचा नाही हे कळतं, कारण त्या धोंड्याखाली त्याचंच घर असतं. कुठल्या उतारावर खाचर काढायचं आणि कुठल्या उतारावर मुळीच नाही, हे भूगर्भतज्ज्ञाने आणि गावाच्या जाणत्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. उरलेल्या माळीणकरांसाठी आमडे इथे नवं गाव वसलं, एप्रिल २०१७ मध्ये घरं त्यांच्या ताब्यात आली.

पाण्यासारखाच जंगलावरच्या हक्काचाही लढा इथे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आणि जंगलातलं गौण उत्पादन यांवरचा हक्क मान्य केला. या भागात गौण उत्पादन म्हणजे मुख्यतः हिरडा. कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवायचा, अंगणात वाळवायचा आणि त्या पैशावर पावसाळ्याची मीठ-मिरची भरायची, हे जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातलं वर्षाचं गणित. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने ते मोडलं. हिरड्याची झाडं उन्मळली, फांद्या पिळवटल्या. आंबा पडला की नुकसान, भात आडवा झाला की नुकसान. हिरडा पडला तर त्याची गणना कशात करायची, यावरच गाडं अडलं. भरपाईसाठी किसान सभेने पुढची काही वर्षं मोर्चे काढले, धरणी धरली. लावलेल्या झाडाला मोल आणि राखलेल्या झाडाला नाही, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. हिरड्याचं झाड कोणी लावलेलं नसेल, पण कुऱ्हाडीपासून ते राखलं आहे ते याच लोकांनी.

पुण्या-मुंबईहून भीमाशंकरला जाणारे आपण डिंभ्याच्या काठाने जातो, गाडी थांबवून पाण्याचा फोटो काढतो. त्या पाण्यावर सात तालुक्यांचा हक्क कागदावर लिहिलेला आहे आणि त्यांच्या वाटणीवरून दर वर्षी बैठका होतात. त्या बैठकांना बुडालेल्या गावांचा माणूस सन्मानाने बोलावला जावा. गाळपेराचे परवाने पाणी उतरण्याआधी हातात पडावेत, म्हणजे ओल असताना पेरता येईल. मासेमारीचा ठेका काठच्या आदिवासींच्या संस्थेकडेच राहावा. नुकसानीच्या पंचनाम्यात आंब्याच्या ओळीखाली हिरड्याची ओळ असावी. या चारही गोष्टींना नवं धरण लागत नाही की नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, पाटबंधारे खातं आणि वन विभाग यांनी मनावर घेतलं तर येत्या दिवाळीआधी त्या होऊ शकतात.