डोंगर सुटण्याआधी खुणा देतो

हिमालयात बर्फाचा कडा सुटून माणसे गाडली गेल्याची बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. शेतकरी बंधूंनो, आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही, पण ऐन पावसात इथे डोंगरच पातळ होऊन खाली येतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण असेच गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा कुठे बाहेर कळले. २२ जुलै २०२१ ला महाडमधले तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्र वर चढेना, मग टिकाव-फावड्यांनीच उकरावे लागले.

तारखा बघा. तिन्ही जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनपासून माती पाणी पीत असते. वर तांबडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. मुरलेले पाणी कातळावर येऊन अडते, तिथे त्याचा दाब वाढतो, माती जड होते आणि तिची पकड सुटते. अशा फुगलेल्या उतारावर दोन-तीन दिवस धो-धो कोसळला की संपले. पाऊस उघडला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. आत साठलेले पाणी झिरपायला वेळ लागतो.

पंचनाम्यासाठी ६५ मिलिमीटरचा आकडा आपल्याला तोंडपाठ असतो. पण पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आणि आपली वाडी डोंगराच्या कुशीत. तिथे दुप्पट पडला तरी कागदावर येत नाही. म्हणून सरळ कडांचा एक डबा अंगणात, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब ठेवा. रोज सकाळी शाळेतल्या पट्टीने पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. दिवसाला दोनशे मिलिमीटर, म्हणजे वीतभर पाणी भरू लागले, तर त्या रात्री डोंगराखाली झोपण्यात शहाणपण नाही.

डोंगर खुणाही देतो. घराच्या वर, बांधावर किंवा माळावर लांबच लांब भेग पडते. ओळीतली झाडे, विजेचे खांब कलतात. दार एकाएकी चौकटीत अडकू लागते. नितळ झरा गढूळ होतो, किंवा कोरड्या जागी नवा पाझर फुटतो. सर्वांत वाईट खूण म्हणजे भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे. वर कुठेतरी माती पडून पाणी तुंबले, असा त्याचा अर्थ असू शकतो. तेव्हा ओढ्याच्या वाटेने खाली पळू नका, आडवे बाजूच्या उंचवट्यावर जा. गुरांची दावी सोडा आणि निघा. भांडीकुंडी आवरत बसू नका.

घाटवाटेने बाजारहाट करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. ताजी पडलेली माती ओलांडायची नाही; पहिल्या दरडीमागून दुसरी येते. शहरातून भटकंतीला येणारी पोरे ऐकत नाहीत, हे खरे, पण पायथ्याच्या माणसाने दटावले तर निम्मी तरी माघारी फिरतात.

आता सरपंच, पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींसाठी. दरडग्रस्त गावांच्या यादीत आपले नाव नाही म्हणून गाफील राहू नका. इर्शाळवाडीही त्या यादीत नव्हती. जून लागण्याआधी गावातल्या चार जाणत्यांना घेऊन वरचा माळ चालून या. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि अंतर मोजून ठेवा. आठवड्याने अंतर वाढले असेल तर तहसीलदारांना लेखी कळवा, पोच घ्या. उतार कापून सपाटीकरण करताना पाण्याला वाट ठेवली आहे का, तेही पाहा. माळीणनंतर पडकईच्या कामांवर बरेच बोलले गेले. दोष कोणाचा यावर एकमत झाले नाही, पण पाणी अडवून उतारात मुरू देणे धोक्याचे, यात वाद नाही.

रात्री लोक न्यायचे कुठे, हेही आधीच ठरवा. पुष्कळ ठिकाणी शाळेकडे बोट दाखवतात, आणि शाळा त्याच डोंगराखाली असते. जागा सुरक्षित असली तर किल्ली गावातच राहणाऱ्या दोघांकडे द्या. तालुक्याला राहणाऱ्या गुरुजींच्या खिशातली किल्ली रात्री दोन वाजता उपयोगाची नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक प्रत्येक दारावर खडूने लिहा, आणि वाडीत मोबाईलला रेंज नेमकी कुठे मिळते ती जागा पोराबाळांनाही दाखवून ठेवा.