चाचणीची जागा आणि जागेचे भाडे

मंडळी, एखाद्या मंडळाचे सभासद व्हायचे तर आपण काय करतो? अर्ज भरतो, वर्गणी देतो, पावती घेतो. काही मंडळे मात्र आधी परीक्षा घेतात. ‘मेन्सा’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. रोलंड बेरिल आणि लॅन्सलॉट वेअर या दोघांनी १९४६ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला ते सुरू केले. अट एकच : मान्यताप्राप्त बुद्धिमापन चाचणीत वरच्या दोन टक्क्यांत यायचे. लॅटिन भाषेत मेन्सा म्हणजे टेबल. एका टेबलाभोवती बसणारे सगळे सारखे, अशी त्यामागची कल्पना.

पुण्याला हा विषय नवा नाही. सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केली आणि बुद्धिमान मुले चाचण्यांमधून शोधण्याचे काम इथे रुजले. मेन्साच्या भारतातल्या कामाशीही प्रबोधिनीचा जुना संबंध. पण आता पुणे पेठांपुरते राहिलेले नाही. २०२१ च्या जूनअखेर वाघोलीसह २३ गावे महापालिकेत आली. वाघोलीहून सदाशिव पेठ म्हणजे नगर रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर. मेट्रो २०२४ साली रामवाडीपर्यंत आली, पण वाघोली त्याच्याही पुढे. सकाळी दहाच्या चाचणीला मुलाला न्यायचे तर बरोबर मोठे माणूस हवे. ते माणूस रोजंदारीवर असेल, तर त्या दिवसाची मजुरी गेली.

कुणी म्हणेल, पेपर घरीच का देत नाहीत? घरी सोडवलेली चाचणी सरावापुरती ठीक. प्रवेशाच्या चाचणीत वेळ मोजावी लागते, प्रश्न गुप्त राखावे लागतात, कुणी सांगत तर नाही ना हे पाहावे लागते. म्हणून जागा हवी, आणि जागा म्हटली की भाडे आले.

आता साधा हिशेब करू. समजा, हॉलचे भाडे तीन हजार रुपये आणि आले वीस जण. म्हणजे माणशी दीडशे रुपये नुसत्या खोलीचे. शिवाय दोन टक्के म्हणजे पन्नासात एक. कोणतीही पन्नास माणसे बसवली, तर सरासरी एकाला प्रवेश मिळणार. उरलेले एकोणपन्नास जण शुल्क भरून घरी परतणार. शुल्क जास्त असेल तर ज्याला हरणे परवडते तोच येतो. मग आपण बुद्धी मोजतो की खिसा?

म्हणून स्वस्त जागा शोधणे हे चिटणिसाचे किरकोळ काम समजू नये. सुदैवाने या चाचणीला लागते फार थोडे : लिहिता येईल असे बाक, भरपूर उजेड, दोघांत अंतर, भिंतीवर घड्याळ, प्यायचे पाणी, स्वच्छतागृह आणि दोन तास शांतता. वातानुकूलित सभागृह, मंच, ध्वनिक्षेपक यांचा काही उपयोग नाही. आणि भाडे तर त्यांचेच असते.

वाघोलीत पाहायचे तर सोसायट्यांची क्लब हाउस आहेत. सभासदाने अर्ज केला तर ती थोडक्यात मिळू शकतात. मात्र तिथे खुर्च्या असतात, बाक नसतात. आणि बाहेरच्या मुलांची नावे दारावरच्या रखवालदाराकडे आधी द्यावी लागतात. मंगल कार्यालय लग्नसराईत परवडत नाही. पितृपंधरवड्यात तेच रिकामे असते, मालक दर कमी करायला तयार होतो. देवळाच्या सभामंडपात रविवारी घंटा थांबत नाही.

सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे शाळा-महाविद्यालयाचा वर्ग. वाघोलीत महाविद्यालये पुष्कळ. पण दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस टाळावेत. इतर रविवारीही भरतीच्या परीक्षा असतात, म्हणून दोन महिने आधी विचारावे. सरकारी शाळा हवी असेल तर तिचा ताबा महापालिकेकडे आहे की जिल्हा परिषदेकडे, याची चौकशी करून मगच अर्ज करावा. चुकीच्या टेबलावरचा अर्ज तिथेच पडून राहतो.

अर्जात गोलमाल लिहू नये. किती जण येणार, किती ते किती वाजेपर्यंत, कोणत्या वर्गात, मोडतोड झाली तर जबाबदार कोण, हे सगळे एका पानात यावे. कुलूप उघडायला येणाऱ्या शिपाईमामांचा रविवारचा मोबदला आपण होऊन लिहावा. मुख्याध्यापकांची निम्मी अडचण तीच असते.

आणि भाडे देणे शक्य नसेल तर मोबदला दुसऱ्या रूपाने द्यावा. त्या शाळेतल्या दहा मुलांची चाचणी विनामूल्य घ्यावी. रेव्हनच्या चाचणीसारखी १९३८ पासून प्रचारात असलेली साधने आकृत्यांची असतात, त्यांना इंग्रजी यावे लागत नाही. मात्र निकाल पालकांना नीट समजावून सांगावा. एका सकाळच्या गुणांवरून मुलाला ‘मठ्ठ’ ठरवण्याची मुभा कुणालाच नाही.

जिथे मूल तिथे शाळा, हे वाघोलीने पाहिलेले आहे. दगडखाणींवर राबणाऱ्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेने खाणीपाशीच पाषाण शाळा भरवल्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने पोरक्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली, ती याच गावात. पुण्यातल्या मेन्साच्या कार्यकर्त्यांनीही आदिवासी भागातल्या शाळांत जाऊन मुलांच्या चाचण्या घेतल्या होत्या. तिथे हॉल शोधावा लागला नाही, प्रवासाचा खर्च मुलांवर पडला नाही.

तेव्हा आपल्या मंडळाने पुढची तारीख ठरवण्याआधी अर्जदारांचे पत्ते काढून पाहावेत. सगळे एकाच भागातले असतील, तर बुद्धी त्याच भागात वाटली गेली आहे असे समजू नये. आपण जागा कुठे घेतली होती, ते आधी तपासावे.