काळी भिंत की पांढरी?

फ्लॅटचा ताबा मिळाला, ईएमआय सुरू झाला आणि आमचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं ते बेडरूमच्या रंगावरून! मला पांढरा हवा होता. माझं लहानपण तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत गेलंय, तिथे दिवसाही ट्यूब लावावी लागायची. नवऱ्याला हवा होता गडद राखाडी. 'पांढऱ्या खोलीत ॲडमिट झाल्यासारखं वाटतं,' हे त्याचं म्हणणं. सोमवारी पेंटर येणार होता. रविवारी डोकं शांत करायला बाइक काढली आणि संभाजीनगरहून तीसेक किलोमीटरवरचं वेरूळ गाठलं.

सोळा नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलासात शिरलो आणि नवरा खूश! 'बघ, बाराशे वर्षांपूर्वीही गडदच चालायचा.' आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली कोरत आणलेला हा काळा बेसाल्ट. पण मधूनच पांढरे चट्टे दिसत होते. गाइडला विचारलं, तर तो हसला. 'ताई, या देवळाला पांढरा गिलावा होता. बर्फातला कैलास दिसायला हवा ना! वर रंगकामही होतं, म्हणून याला रंगमहाल म्हणायचे.'

मी एक पॉइंट वर! पण दहा नंबरच्या विश्वकर्मा लेण्यात हिशेब पुन्हा बरोबरीत आला. आत गार अंधार, दर्शनी भागातल्या वरच्या खिडकीतून आत येणारा उजेड आणि समोर शांत बसलेले बुद्ध. अंधाराला घाबरणारी मी, पण तिथून उठावंसंच वाटेना. मग लक्षात आलं, रंग नुसता निवडायचा नसतो. उजेड कुठून येतो ते आधी बघायचं.

घरी आल्यावर पेंटरला दोन दिवस थांबवलं. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगवले. सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबखाली पाहिले. पांढरा रंग उजेड परत फेकतो, गडद गिळून टाकतो. शेडकार्डच्या बोटभर तुकड्यावर हे कळतच नाही. तुम्हीही हे करून बघा, फक्त चौकोन पूर्ण वाळू द्या. ओली शेड फसवते.

शेवटी तीन भिंती पांढऱ्या आणि पलंगामागची एक राखाडी. पहिल्या रात्री दिवा घालवला, तर चारही भिंती सारख्याच काळ्या! दोघंही खूप हसलो.