हवेतलं गायरान

नगरच्या सावेडीत पाइपलाइन रोडवरच्या किंवा गुलमोहर रोडवरच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर उभे राहा आणि फोनमधली वाय-फायची यादी उघडा. वरच्यांचं आडनाव दिसेल, समोरच्यांच्या मुलीचं नाव दिसेल, आणि ज्यांनी कंपनीने दिलेलं नाव बदललंच नाही त्यांच्या नावापुढे आकड्यांची लांबलचक शेपटी दिसेल. दहा-पंधरा घरं सहज निघतात. या सगळ्यांचे राउटर एकाच वेळी, एकाच हवेत बोलत असतात. शिवाय कानातले ब्लूटूथ, मनगटावरची घड्याळं, वायरलेस माउस आहेतच. अशा गजबजाटात आपण टेबलावर नवा स्मार्ट स्पीकर ठेवतो, पिन खोचतो, आणि काही मिनिटांत तो आपल्याच वाय-फायला जोडला जातो. त्याला ना पडदा, ना बटणांची पाटी. मग पासवर्ड त्याला कुणी सांगितला? आणि सांगितला तेव्हा बाकीच्या घरांना तो ऐकू कसा गेला नाही?

या काही मिनिटांत जे घडतं ते इतकं सुंदर आहे की ते नुसतं ‘कनेक्ट झालं’ म्हणून सोडून देणं मला जिवावर येतं. ते सावकाश पाहू.

पहिली हाक

स्पीकर सुरू झाला की त्याच्यावरचा दिवा तयारीचा रंग दाखवतो. ॲमेझॉनच्या एकोवर तो नारिंगी असतो. त्या क्षणी स्पीकर ब्लूटूथवरून पुन्हा पुन्हा एक छोटा निरोप सोडत असतो : मी अमुक जातीचं यंत्र आहे, मला कुणी जोडून घ्या. (काही स्पीकर त्याऐवजी थोड्या वेळापुरतं स्वतःचंच वाय-फाय उभं करतात.) या हाकेसाठी कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथने आपल्या ४० पट्ट्यांपैकी तीन राखून ठेवल्या आहेत : २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. हे आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. वाय-फाय सर्वांत जास्त वापरतं ते १, ६ आणि ११ हे चॅनेल, आणि या तीन पट्ट्या नेमक्या त्यांच्या मधल्या फटीत आणि कडांना बसतात. ब्लूटूथ घडवणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या अंगणाची हद्द आधी पाहिली आणि मग आपला उंबरा घातला.

नगरच्या आकाशवाणीच्या एफएम लहरीची लांबी साधारण तीन मीटर असते. स्पीकरची ही लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरही नाही. तिच्यातली शक्ती बहुधा एक ते दहा मिलिवॅट. नऊ वॅटच्या एलईडी बल्बच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तेवढ्यावर खोलीभर संवाद चालतो.

उघड्यावरचं गुपित

फोनने हाक ऐकली. आता घराचा पासवर्ड स्पीकरला द्यायचा आहे, पण हवा सगळ्यांची आहे. शेजारच्या खोलीतलं यंत्रही तेच ऐकू शकतं. कुलूप लावून पाठवावं म्हटलं तर किल्ली आधी पोचवायला हवी, आणि किल्लीही याच हवेतून जाणार. माणसाला हजारो वर्षं हा पेच सुटला नव्हता. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. ते इतकं साधं आहे की कागद-पेन्सिल घेऊन करता येतं.

दोन आकडे जाहीर करा : ७ आणि २३. सगळ्या इमारतीला कळले तरी चालतील. फोन मनात एक गुप्त आकडा धरतो, समजा ३. तो ७ चा घन करतो, ३४३. त्याला २३ने भागतो, बाकी उरते २१. ही बाकी तो हवेत सोडतो. स्पीकर मनात ४ धरतो. ७ चा चौथा घात २४०१. २३ने भागून बाकी ९. तोही ९ हवेत सोडतो. आता फोन आलेल्या ९ चा घन करतो : ७२९, बाकी १६. स्पीकर आलेल्या २१ चा चौथा घात करतो : १,९४,४८१, बाकी १६. दोघांकडे १६ आला, आणि १६ हा आकडा हवेत एकदाही उच्चारला गेला नाही. ऐकणाऱ्याकडे ७, २३, २१ आणि ९ आहेत, पण ३ आणि ४ नाहीत.

एवढ्या लहान आकड्यांत कुणीही अंदाजाने ३ आणि ४ शोधून काढेल. खऱ्या यंत्रांत हे आकडे ७७-७८ अंकी असतात आणि साध्या घातांऐवजी वक्रांचं गणित वापरलं जातं. तिथे पुढे जाणारी वाट क्षणाची आणि मागे येणारी वाट आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरची. ब्लूटूथच्या जोडणीत २००७ पासून हीच पद्धत आहे. फक्त या गणिताला एक गोष्ट कळत नाही : समोरचा खरंच तोच आहे का? म्हणून फोन कधी सहा आकडी संख्या जुळवून पाहायला सांगतो, कधी खोक्यावरचा कोड स्कॅन करायला लावतो. ते पाऊल कंटाळा करून टाळू नये. गणित जिथे थांबतं तिथे आपल्या डोळ्यांनी साक्ष द्यायची असते.

तयार झालेल्या किल्लीने फोन वाय-फायचं नाव आणि पासवर्ड कुलूपबंद करतो आणि स्पीकरला देतो.

राउटरपुढची परीक्षा

आता स्पीकर राउटरकडे वळतो. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव हवेत घोषित करत असतो. स्पीकर त्या गर्दीतून आपल्या घराचं नाव हुडकतो. इथे आपल्याला वाटतं की तो पासवर्ड सांगत असेल आणि राउटर दार उघडत असेल. तसं होत नाही. पासवर्ड राउटरला सांगितलाच जात नाही.

बहुतेक घरांत चालणाऱ्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत दोघंही आपापल्या जागी पासवर्ड आणि वाय-फायचं नाव एकत्र करून गणिताच्या ४०९६ फेऱ्यांतून घुसळतात. त्यातून एक लांबलचक किल्ली निघते. मग राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, स्पीकर दुसरी पाठवतो, आणि त्या दोन संख्या व किल्ली मिळून स्पीकर एक उत्तर काढून दाखवतो. राउटर स्वतः तेच गणित करतो. उत्तर जुळलं, म्हणजे याला पासवर्ड ठाऊक आहे. मग राउटरही तसाच पुरावा उलट देतो, म्हणजे स्पीकरचीही खात्री पटते की हा आपल्याच घरचा राउटर. चार निरोपांत परीक्षा संपते. यानंतर राउटर स्पीकरला घरातला पत्ता नेमून देतो आणि दिवा रंग बदलतो.

हे चार निरोप कुणी टिपून ठेवले तर तो नंतर निवांत बसून एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. मोबाइल नंबर, जन्मतारीख, मुलाचं नाव आणि पुढे १२३ असे पासवर्ड तिथे टिकत नाहीत. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ने ही फट बुजवली. राउटरमध्ये ती सोय असेल तर सुरू करावी. नसेल तर पासवर्ड लांब ठेवावा.

उड्या मारणारं बोलणं

जोडणी झाल्यावर ब्लूटूथ आणि वाय-फाय या दोन्ही वाटांची कामं वेगळी होतात. आपण नाव घेऊन हाक मारली की स्पीकर ती हाक स्वतःच ओळखतो. प्रश्न मात्र वाय-फायवरून दूरच्या संगणकांकडे जातो आणि उत्तर परत येतं. फोनमधलं गाणं थेट ऐकायचं असेल तर ब्लूटूथ पुरतं. म्हणूनच इंटरनेट गेलं असतानाही, वीज असेल तर, आजींच्या फोनमधले अभंग स्पीकरवर लागतात.

ते अभंग ज्या रीतीने खोली ओलांडतात ती थक्क करणारी आहे. फोन आणि स्पीकर एका वारंवारतेवर स्थिर राहत नाहीत. गाण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या ब्लूटूथच्या ७९ पट्ट्यांवर ते सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतात, दोघं मिळून, एकाच ठरलेल्या क्रमाने. वाटेत एखादी पट्टी वाय-फायने व्यापलेली दिसली तर २००३ पासूनचं ब्लूटूथ ती आपल्या यादीतून वगळतं आणि बाजूने जातं.

या कल्पनेचा एक धागा नगरच्या इतिहासाशेजारून जातो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेसच्या नेत्यांना मुंबईत अटक झाली आणि त्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणलं गेलं. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, अमेरिकेत अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एक पेटंट मिळालं. पाणतीरांना रेडिओवरून दिशा देताना शत्रूने अडथळा आणू नये म्हणून वारंवारता सतत बदलत ठेवायची. त्यांच्या आराखड्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ वारंवारता होत्या. त्याच ऑगस्टच्या शेवटी मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवू लागले. त्यांच्या लहरीची लांबी ठरलेली होती, ४२.३४ मीटर, म्हणून पोलिसांना चुकवायला ते जागा बदलत राहिले, एका घरातून दुसऱ्या घरात. १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. तिथे माणसांना जीव धोक्यात घालून यंत्र हलवावं लागलं. आज यंत्र जागच्या जागी असतं आणि लहर जागा बदलते.

भिंतींचे प्रतिध्वनी

सावेडीतली घरं सिमेंटच्या स्लॅबची, विटांच्या भिंतींची. राउटरची लहर स्पीकरपर्यंत सरळ थोडीच जाते; ती स्लॅबवर, लोखंडी कपाटावर, फ्रिजवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी, क्षणाच्या फरकाने पोचते. एकाच शब्दाचे अनेक प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात. याचं एक उत्तर रेडिओ खगोलशास्त्राच्या अंगणातून आलं. ऑस्ट्रेलियातले जॉन ओसुलिव्हन स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांच्या खुणा शोधत होते. त्या सापडल्या नाहीत. पण अंतराळात विस्कटलेले क्षीण संदेश गणिताने सावरण्याचं कसब हाताशी आलं, आणि १९९०च्या दशकात त्यांच्या गटाने ते घरातल्या प्रतिध्वनींवर वापरलं. आज वाय-फाय एकच निरोप डझनावारी बारीक उपलहरींवर वाटून संथपणे पाठवतं, त्यामुळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळण्याआधी शब्द ऐकून होतो.

आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. दूरच्या आकाशगंगांकडून येणारी कुजबूज ऐकणं हे तिथलं रोजचं काम. त्याच कुळातल्या विद्येने आपल्या हॉलमधला स्पीकर राउटरचं बोलणं समजून घेतो.

म्हणून जोडणी तुटत असेल तर आधी जागा पाहावी. राउटर लोखंडी कपाटामागे, फिशटँकशेजारी किंवा मायक्रोवेव्हजवळ नसावा. पाणी या लहरी शोषतं, लोखंड त्या परतवतं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तर याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो.

कुणाचीच नसलेली जमीन

हा सगळा व्यवहार ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो तो कुणाच्या मालकीचा नाही. मोबाइल कंपन्या आपल्या लहरींसाठी लिलावात हजारो कोटी मोजतात. साधा रेडिओ ऐकायलाही आपल्याकडे १९८०च्या दशकापर्यंत पोस्टातून परवाना काढावा लागे. हा पट्टा मात्र केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. हे हवेतलं गायरान आहे.

गायरान कसं टिकतं हे नगर तालुक्याला सांगायला नको. हिवरे बाजार गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी कूपनलिका नको असं ठरवलं, आणि पाणी सगळ्यांना पुरलं. लहरींच्या गायरानातही अशीच बंधनं आहेत. प्रत्येक वाय-फाय यंत्र बोलण्याआधी ऐकतं. कुणी बोलत असेल तर थांबतं. शांतता झाली तरी लगेच तोंड घालत नाही, एक यादृच्छिक संख्या मनात घेऊन काही मायक्रोसेकंदांचे तेवढे टप्पे आणखी थांबतं, म्हणजे थांबलेले दोघं एकदम सुरू होणार नाहीत. तरी टक्कर झालीच तर पुढच्या वेळी जास्त थांबण्याची तयारी ठेवतं. कुणीही मुकादम नेमलेला नाही. प्रत्येक यंत्र आपल्यापुरता नियम पाळतं, आणि तेवढ्याने एका इमारतीतल्या पंधरा घरांचं काम चालतं.

इतकी वर्षं मला वाटायचं की तंत्रज्ञानाची प्रगती म्हणजे अधिक शक्ती, अधिक वेग. या छोट्या स्पीकरची जोडणी वेगळं सांगते. इथे हळू बोलणं, आधी ऐकणं, दुसऱ्याची पट्टी सोडून देणं आणि गुपित न उच्चारता विश्वास सिद्ध करणं यावर सगळं उभं आहे. त्यात आपला वाटा छोटा आहे, पण आहे : पासवर्ड लांब ठेवायचा, जोडताना कोड जुळवून पाहायचा, वापर नसेल तेव्हा मायक्रोफोनचं बटण बंद करायचं, आणि राउटरचा चॅनेल शेजाऱ्यावर आदळत असेल तर आपण सरकायचं. सामाईक गोष्ट जपण्याची जी शिस्त यंत्रांनी पाळली, ती आपणही पाळली की हे गायरान पुढच्या पिढीलाही असंच मोकळं मिळेल.