संगणक अनेक, जबाबदारी कुणाची?

घरातील एका संगणकाची निगा राखणे ही सवयीची बाब आहे. दहा, पन्नास वा पाचशे संगणकांची निगा राखणे ही मात्र व्यवस्थापनाची बाब ठरते. रुग्णालय असो, पतसंस्था असो, शाळा असो वा व्यापारी पेढी असो, संगणकांची संख्या वाढली की देखभालीच्या कामाचे स्वरूपच पालटते. कोणत्या यंत्रावर काय करावयाचे आहे, ते कोणी व केव्हा करावयाचे आणि ते झाले याची खात्री कोणी करावयाची, हे चार प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे कागदावर नसतील, तर उत्तम तंत्रज्ञ पदरी असूनही कारभार बारभाईंचा होतो. गेल्या काही वर्षांतील तीन घटना याची साक्ष देतात.

दोन महिन्यांचा विलंब

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर उणिवेवर दुरुस्ती-आज्ञावली, म्हणजेच तंत्रज्ञांच्या भाषेत ‘पॅच’, प्रसृत केली. ती विनामूल्य होती. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू त्याच उणिवेतून जगभर शिरला. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश ट्रस्टचे काम विस्कळीत झाले व रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध उपलब्ध होते. ते प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचले नव्हते, एवढेच.

चारशे जणांना पत्र, तरीही काम अपुरे

त्याच वर्षी अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ या पतमाहिती कंपनीत जे घडले, ते अधिक बोधप्रद आहे. तेथे ‘अपाचे स्ट्रट्स’ या आज्ञावलीतील दोष दूर करण्याची सूचना ९ मार्च २०१७ रोजी चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ई-मेलने धाडण्यात आली. अठ्ठेचाळीस तासांत काम पूर्ण करावे, असा दंडक होता. परंतु ज्या प्रणालीत ही आज्ञावली वापरात होती, तिची जाण असलेल्या तंत्रज्ञाचे नाव त्या यादीतच नव्हते. कंपनीजवळ आपल्या संगणकीय मालमत्तेची परिपूर्ण सूची नव्हती. पुढे केलेल्या तपासणीतही तो दोष निदर्शनास आला नाही. मे महिन्याच्या मध्यापासून चोरटे आत वावरत राहिले आणि २९ जुलैपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. कारण जाळ्यावरील वाहतुकीची छाननी करणाऱ्या उपकरणाच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. ते प्रमाणपत्र नवे करताच संशयास्पद हालचाल दिसून आली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती हातची गेली होती. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

सूचना चारशे जणांना मिळाली, पण हे काम अमुक एकाचे, असे ठरलेले नव्हते. सूचना देणे आणि काम नेमून देणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

घाईचाही धोका

मग प्रत्येक बदल हाती येताच सर्व यंत्रांवर एकाच वेळी करावा काय? १९ जुलै २०२४ ची सकाळ याचे उत्तर देते. भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल जगभरातील संगणकांवर उतरू लागली. ती ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, तरी तेवढ्या अवधीत सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बंद पडलेली अनेक यंत्रे एकेक करून हाताने पूर्ववत करावी लागली. ज्यांच्या डिस्कवर संकेतबद्ध कुलूप होते, त्यांना प्रत्येक यंत्राची पुनर्प्राप्ती-किल्ली लागली. ज्या संस्थांनी या किल्ल्यांची नोंद व्यवस्थित ठेवली होती, त्यांचे काम सुकर झाले.

बँकिंगची जुनी शिस्त, नव्या कामाला

या तिन्ही घटनांचे सार हिशेबाची सवय असलेल्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली, तेव्हा मूलभूत नियंत्रणांत पहिली बाब संगणकीय मालमत्तेच्या नोंदीची होती. जून २०१८ मध्ये एटीएम यंत्रांतील कालबाह्य कार्यप्रणाली बदलण्याचे आदेश निघाले, तेव्हा सप्टेंबर २०१८ पर्यंत पंचवीस टक्के, डिसेंबरपर्यंत पन्नास, मार्च २०१९ पर्यंत पंचाहत्तर व जून २०१९ पर्यंत सर्व, असे टप्पे आखून देण्यात आले. आपल्या पेढीत वा संस्थेत दहा-पंधरा संगणक असतील, तर हीच शिस्त एका साध्या वहीच्या आधारे पाळता येते.

पहिली पायरी नोंदवहीची. डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे प्रत्येक यंत्राला क्रमांक द्यावा. ते कोठे आहे, कोण वापरतो, कोणती कार्यप्रणाली आहे व तिला निर्मात्याचे साहाय्य कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे लिहावे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हा हा रकाना विशेष लक्षपूर्वक भरावा. राउटर, प्रिंटर व सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांनाही वहीत स्थान हवे.

दुसरी पायरी नेमणुकीची. प्रत्येक कामासमोर ‘संगणक विभाग’ असे न लिहिता एका व्यक्तीचे नाव, तिच्या रजेच्या काळात कार्यभार सांभाळणाऱ्याचे नाव आणि मुदतीची तारीख लिहावी. व्यक्ती नोकरी सोडून गेली, तर तिजोरीच्या किल्ल्यांप्रमाणेच या कामाचाही रीतसर चार्ज द्यावा-घ्यावा.

तिसरी पायरी टप्प्यांची. मायक्रोसॉफ्टच्या नियमित दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. गुरुवारी दोन कमी महत्त्वाच्या यंत्रांवर त्या बसवाव्यात, दोन दिवस निरीक्षण करावे व पुढील आठवड्याच्या आरंभी उर्वरित यंत्रे हाती घ्यावीत. दुरुस्ती तातडीची असल्याचा इशारा निर्मात्याने वा ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने दिला असेल, तर हा अवधी कमी करावा. कामापूर्वी माहितीचा बॅकअप घ्यावा आणि पुनर्प्राप्ती-किल्ल्यांची प्रत त्या संगणकाबाहेर सुरक्षित ठेवावी.

चौथी पायरी पडताळणीची. बँकेत व्हाउचर करणारा व ते मंजूर करणारा एकच नसतो. येथेही काम करणाऱ्याने सही करावी आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष यंत्र उघडून, दुरुस्ती बसल्याचे पाहून मगच दुसरी सही करावी. महिनाअखेरीस वहीतील यंत्रे आणि प्रत्यक्षातील यंत्रे यांचा ताळा जमवावा. वहीत नसलेले यंत्र आढळले, तर ती शिलकेतील तफावत समजून तिचा तत्काळ छडा लावावा.

आज बहुसंख्य ग्राहक आपल्या कार्यालयातूनच कर्मचाऱ्यांचे वेतन, करभरणा व देयके चुकती करतात. बँकेने आपली प्रणाली कितीही काटेकोरपणे जपली, तरी व्यवहाराचा आरंभ ग्राहकाच्या टेबलावरील संगणकापासून होतो. तो संगणक कुणाच्या नावे आहे आणि त्याची शेवटची पडताळणी केव्हा झाली, हे आपल्या वहीत आजच पाहून घ्यावे, ही विनंती.